नाताळच्या भेटी: दोन्ही मुलांवर सारखाच खर्च करायचा का?

निर्मळची_सून
आमची मुलगी चौदाची, मुलगा सहाचा. लेकीला यंदा नाताळला मोबाइल हवाय. साधासा बघितला तरी 12,000 रुपये. मुलाला हवाय डंपर, 800 रुपयांचा. नवरा म्हणतो, उरलेले 11,200 मुलाच्या नावाने पोस्टात टाकू, म्हणजे हिशेब चुकता. मी म्हणते, सहा वर्षांच्या पोराला पासबुक दाखवून काय उपयोग? तो येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याशेजारच्या पुड्या मोजणार. सासूबाईंचं तिसरंच: नवे कपडे शिवले, चर्चमधली रात्रीची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली, संपला नाताळ, भेटी कसल्या! तुम्ही कसं करता?

थोरला_वसईकर
नवऱ्याचं ऐका. पोराला आज कळणार नाही, अठराव्या वर्षी बरोबर कळेल. मी तीन भावांत थोरला. बाबा आखातातून नाताळला आले की बॅगेतून धाकट्यांसाठी रिमोटची गाडी निघायची आणि माझ्यासाठी शर्टपीस. वर ‘तू मोठा आहेस, समजून घे.’ किती वर्षं समजून घ्यायचं? आकडा कागदावर असला की कुणाला बोलायला जागा राहत नाही.

बालवाडी_ताई
पासबुकाला माझा विरोध. या वयाच्या मुलाला बारा हजार आणि आठशे दोन्ही सारखेच. पुडी केवढी, किती पुड्या, आधी कुणी उघडली, एवढंच तो बघतो. पियाजे या मानसशास्त्रज्ञाने 1932 मध्येच मांडलं होतं की साधारण सात-आठपासून अकरापर्यंत मुलं काटेकोर सारखेपणाचा हट्ट धरतात. गरज, वय, परिस्थिती यांचा विचार त्यानंतर. म्हणजे तुमच्या लेकीशी बोलता येईल. चिरंजीव मात्र आता त्या चिवट वयात शिरणार आहेत, तयारीत राहा.

म्युनिककर
इथे जर्मनीत बरी सोय आहे. 5 डिसेंबरच्या रात्री मुलं बूट पुसून दाराशी ठेवतात, सकाळी संत निकोलसच्या सणाला त्यात अक्रोड, संत्री, चॉकलेट. आमच्याकडे दोन्ही बुटांत मोजून तेच आणि तेवढंच. मोठ्या भेटी 24 च्या संध्याकाळी, त्या ज्याला जे हवं ते. सारखेपणाची हौस सहा तारखेलाच फिटते.

पापडीचा_पोर
सारखं न देण्याचं काय होतं ते बायबलातच आहे. याकोबाने सगळ्या मुलांत एकट्या योसेफाला पायघोळ झगा दिला. भावांनी त्याला चांदीच्या वीस नाण्यांना विकलं. येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ तरी कशावरून रुसला? पैसा उडवून परतलेल्या धाकट्यासाठी पोसलेलं वासरू कापलं, मला कधी साधं करडूसुद्धा मिळालं नाही!

बालवाडी_ताई
@पापडीचा_पोर, येशूचाच द्राक्षमळ्याचा दाखला सोयीस्कर विसरलात. मालकाने शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी दिली. सगळ्यांना अगदी सारखं! तरी कुरकुर झालीच ना?

पापडीचा_पोर
झाली, कारण काम सारखं नव्हतं. बहीणभाऊ काय मजुरीवर आहेत?

मडगावचो_पाव
तीन राजांनी सोनं, ऊद आणि गंधरस एकाच बाळाला, येशूला, दिलं म्हणून निभावलं. भाऊ असता तर सोनं कुणाचं आणि गंधरस कुणाच्या माथी?

नंदाखाल_आजी
तुम्ही सगळे आईबापांच्या पैशांवर भांडताय. खरा घोळ धर्मपित्यांचा, म्हणजे गॉडफादरांचा! आमच्या थोरल्या नातवाचा धर्मपिता कॅनडात, धाकट्याचा इथे गावात, भाजीची वाडी असलेला. एकाला दरवर्षी खोका येतो, दुसऱ्याला पाकिटात 200 रुपये आणि वाडीतली केळी. माणूस लाखाचा, पोर आजारी पडलं की रात्री दोनला रिक्षा घेऊन दारात उभा. पण नाताळच्या सकाळी पोराला ते कसं दिसणार? आईबापांनी कितीही तोलून दिलं तरी बाहेरून येणारं कोण तोलणार? सून म्हणाली, कॅनडाला सांगू दोघांनाही पाठवा. मी म्हटलं, खबरदार. बाप्तिस्म्याला ज्याच्यासाठी तो उभा राहिला त्यालाच तो देणार, मागून घेतलेली भेट कसली? आता खोका 6 जानेवारीला, तीन राजांच्या सणाला उघडतो. नाताळला फक्त घरातलं.

थोरला_वसईकर
आजी, तारीख बदलून खोका लहान होत नाही.

नंदाखाल_आजी
होत नाही. पण पाकीट आणि खोका शेजारी शेजारी येत नाहीत ना, बाळा.

हिशेबनीस
मूळ प्रश्नाकडे या. मोबाइल ही भेट धरताच कशाला? पुढच्या वर्षी शाळा-क्लासचे निरोप त्यावरच येणार, तुम्हाला तो घ्यावाच लागणार. गणवेश, चष्मा, दप्तर नाताळच्या खात्यात घालता का? मोबाइल घरखर्चात टाका, जानेवारीत घ्या. नाताळला दोघांनाही हजाराच्या आतलं.

थोरला_वसईकर
वा! म्हणजे मोठीने वर्षभर ज्याची वाट पाहिली ते तिला दप्तरासारखं मिळणार, आणि धाकट्याच्या डंपरला चमकी कागद, रिबन. पुन्हा मोठ्यानेच समजून घ्यायचं.

हिशेबनीस
मग गुंडाळा त्यालाही चमकी कागदात. हिशेबाच्या वहीत कागदाचा रंग लिहीत नाहीत.

निर्मळची_सून
लेकीला सगळं वाचायला दिलं. ती म्हणते घरखर्च तर घरखर्च, जानेवारीपर्यंत थांबते. पण मग नाताळच्या पुडीत काय आहे ते आधी सांगा. नवरा पोस्टाचा फॉर्म घेऊन आलाय, दोन.