डिझायरच्या मागच्या काचेला फिल्म: अख्खी की पट्ट्या?

प्रश्न: नागपूरचं ऊन, गाडी उघड्यावर. मागच्या काचेला फिल्म घरीच लावतोय, पण गोलाईमुळे कडेला चुण्या पडतात. पट्ट्या लावू का?

— पट्ट्या नको रे भाऊ, सांधे दिसतात. चिकट बाजूवरचं अस्तर न काढता फिल्म काचेच्या बाहेरून आडवी अंथर, म्हणजे रोलची लांबी आडवी येईल. चुण्या वरच्या-खालच्या कडेला घे, कारण गरम केल्यावर फिल्म रोलच्या लांबीकडेच आकसते. चुण्यांवर हीटगन (गरम हवा फेकणारं यंत्र) मार, पण हलती ठेव. मग आतून शाम्पूच्या पाण्यावर चिकटव.

— जुनी फिल्म ब्लेडने खरवडू नका, डिफॉगरच्या (काचेवरची वाफ घालवणाऱ्या) रेघा तुटतात. वाफ देऊन सोडवा.

— मागच्या काचेतून ७० टक्के उजेड पार व्हायलाच हवा. काळ्या फिल्मवर सुप्रीम कोर्टाची २०१२ पासून बंदी आहे.

प्रश्नकर्ता: म्हणजे पारदर्शक, उष्णता अडवणारीच घेतो. मागची सीट काढावी लागेल का?