तैवानला डब्ल्यूएचओत नुसतं बसू का देत नाहीत?

खिडकीतला:
मे महिना आला की डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) जिनिव्हातल्या वार्षिक परिषदेच्या बातम्यांत तैवानचं रडगाणं ठरलेलं, आमंत्रण नाही म्हणून. सव्वादोन कोटींच्या वर लोकं, स्वतःचं सरकार, १९९५ पासून सगळ्यांना आरोग्य विमा, मग रोगराईच्या बैठकीत येऊन बसले तर कुणाचं काय जातं? की तिथल्या पुढाऱ्यांनाच विषय पेटता ठेवायचाय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बारामतीकर:
१९७१ ला युनोत तोवर तैवानच्या सरकारकडे असलेली चीनची खुर्ची बीजिंगला गेली, ७२ ला डब्ल्यूएचओनेही तोच कित्ता गिरवला. मग २००९ ते १६ 'चायनीज तैपेई' नावाने निरीक्षक म्हणून बोलवायचे, पण दरवर्षी नव्याने पत्र, म्हणजे हक्क वगैरे काही नाही, बीजिंगची मर्जी. २०१६ ला त्साई इंग-वेन तैवानच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या, त्या 'एक चीन'ला (तैवान चीनचाच भाग, हे बीजिंगचं म्हणणं) मान डोलवेनात, २०१७ पासून पत्र बंद.

सिंचूवाला:
मी इथे तैवानात, सिंचूला चिपच्या कंपनीत आहे. पुढारी पोळी भाजून घेतात हे खरंच, पण तेवढंच नाहीये. २००३ ला सार्सच्या साथीत तैपेईतलं एक अख्खं हॉस्पिटल आतल्या पेशंट-स्टाफसकट सील केलं होतं, ते लोकांच्या डोक्यात पक्कं आहे. कोरोनात, २०२० च्या फेब्रुवारीत, विम्याचं कार्ड घेऊन फार्मसीसमोर रांगा, नंबरचा शेवटचा आकडा विषम असेल तर सोम-बुध-शुक्र, आठवड्याला माणशी दोन मास्क, पाच तैवानी डॉलरला एक. आणि डब्ल्यूएचओच्या तक्त्यात इथले पेशंट चीनच्या खात्यात! पुढे बाहेर मास्क पाठवले तर आमच्याच एअरलाईनच्या विमानावर भलंमोठं 'चायना एअरलाईन्स', घेणाऱ्यांना वाटायचं चीननेच पाठवले. ऑफिसात राजकारणावर चकार शब्द न काढणारेही तेव्हा जाम उखडले. जानेवारी २०२१ ला नवा पासपोर्ट आला, त्यावर 'तैवान' मोठं केलंय, एअरलाईनचं नाव मात्र अजून तेच.

घाटावरचा:
चीनला शिव्या द्या, पण बाकीचे काय धुतल्या तांदळाचे आहेत का? मे २०२१ ला तैवानने पाठवलेले १५० ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि ५०० सिलिंडर आपणही घेतलेच की, घ्यायलाच हवे होते म्हणा. अधिकृत मान्यता मात्र आपलीही नाही.

खिडकीतला:
@घाटावरचा मग मुंबईत त्यांचं ऑफिस आहे ते काय?

घाटावरचा:
२०२४ ला उघडलंय, 'तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटर'. कामं जवळपास वकिलातीचीच, पण तसं म्हणायची सोय नाही.