घरच्या गाडीसाठी जॅक कुठला घेतलात? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

जुळे सोलापुरात राहतो. घरी एक हॅचबॅक आहे, शिवाय भावाची बोलेरो. ब्रेक पॅड, टायरची अदलाबदल, ऑइल एवढी कामं घरीच करायची म्हणतोय. गाडीसोबत आलेला कात्री जॅक स्टेपनी बदलण्यापुरता ठीक. चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक बघायला गेलो तर दुकानदार "२ टन की ३ टन?" याच्या पुढे काही बोलेना. ज्यांच्याकडे आहे त्यांनी सांगा. गाडी कुठली आणि अंगण कसलं, तेही लिहा.

होटगी रोडवरून:
टनाचं डोक्यातून काढा. छोट्या गाडीचं वजन ८०० ते १००० किलो, त्यात आपण उचलणार एक कोपरा. २ टनी रग्गड झाला. बघायचं ते हे, की पूर्ण खाली असताना जॅकची उंची किती आणि वर जातो किती. स्वस्तातले बरेचसे १३-१४ सेंमीला सुरू होतात अन् ३३-३४ ला संपतात. हॅचबॅकला चालतं, बोलेरोला पुरत नाही. गाडी वर जाते तसं स्प्रिंग मोकळं होत जातं, त्यामुळे चाक खालीच राहतं. जॅक संपला तरी टायर टेकलेलाच! मग लोक जॅकच्या वाटीवर, म्हणजे गाडीला टेकणाऱ्या टोकावर, ठोकळे रचतात. तसलं अजिबात नको. ५० सेंमीपर्यंत जाणारा घ्या. फक्त तो लई जड असतो, उचलायला दुसरा माणूस लागतो.

उत्तर कसब्यातून:
तुम्ही अंगण विचारलंत ते बरं केलंत. आमच्या जुन्या घरापुढे शहाबादी फरशी आहे. ट्रॉली जॅकचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. म्हणून उचलताना जॅक स्वतः थोडा गाडीखाली सरकावा लागतो. त्याला चाकं त्यासाठीच. आमच्याकडे पुढचं चाक फरशीच्या सांध्यात अडकलं आणि वाटी हळूहळू टेकूच्या जागेवरून कडेला जायला लागली. वडील उभे होते, ओरडले, "थांब, खाली घे आधी!" आता जाड लोखंडी पत्रा टाकतो, त्यावर जॅक. फरशीखाली पोकळ असेल तर ती तडकतेही, आधी ठोकून आवाज बघा.

बाळ्याहून:
काळी माती. पावसाळ्यात जॅकचं नावच काढायचं नाही. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर दुपारी लावाल तर चाकं डांबरात रुततात, सकाळी उरकून घ्या.

विजापूर रोडवरून:
आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पार्किंगमध्ये ठेवला तर राहील याची खात्री नाही, म्हणून हलका २ टनीच घेतला. एका हातात येतो. वाटीला रबरी पॅड मात्र वेगळा घ्या, मधे खाच असलेला. नाहीतर दाराखालची पत्र्याची कड वाकते आणि तिथूनच गंज धरतो. गाडी सासऱ्यांची आहे, त्यामुळे मला हे जरा जास्तच महत्त्वाचं!

अक्कलकोट रोडवरून, गॅरेजवाला:
पोरांनो, जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला स्टँड असतो. जॅकमधलं तेल धरून ठेवणारं रबरी सील कधी दगा देईल सांगता येत नाही. जॅक थोडा कमी भारी घ्या, पण स्टँडची जोडी घेतल्याशिवाय खाली झोपू नका. मागची बाजू उचलायची असेल तर हँडब्रेकवर विसंबू नका. बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांना असतो, ती हवेत गेली की त्याचा उपयोग शून्य. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, गिअरमध्ये ठेवा. चाकाचे नट उचलायच्या आधी सैल करून घ्या.
आणि तेल कमी झालं म्हणून जॅकमध्ये ब्रेक ऑइल ओतू नका बे, सील फुगून बाद होतं. हायड्रॉलिक जॅकचंच तेल घाला. जॅक दांड्याला स्पंजासारखा लागला तर आत हवा आहे. जॅक खाली घ्यायचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून दांडा भरभर मारा, निघून जाते.

जुळे सोलापूर (धागा काढणारा):
काका, अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत, पत्रा टाकावाच लागणार. बोलेरोची उंची रविवारी टेप लावून मोजतो. स्टँड दात्यांवर अडकणारे (रॅचेटवाले) घ्यावेत की भोकात खिट्टी घालायचे?

गॅरेजवाला:
खिट्टीवाले. डोळ्याला दिसतं, बसली की नाही.