मदत हवी आहे: सुपरमार्केटचे पॉइंट आणि कॅशबॅक क्रेडिट कार्ड यांचा एकत्र हिशेब कसा करावा?

नमस्कार.

आमच्या घरातील बहुतेक खरेदी एकाच सुपरमार्केट साखळीतून होते. तेथील सदस्यत्व कार्डावर खरेदीच्या १ टक्का मूल्याचे पॉइंट जमा होतात आणि पुढच्या कोणत्याही बिलातून ते वळते करून घेता येतात. याशिवाय माझ्याकडे दोन क्रेडिट कार्डे आहेत. पहिल्या कार्डावर सर्व खर्चांवर सरसकट १.५ टक्के कॅशबॅक मिळतो. दुसऱ्यावर किराणा व सुपरमार्केट या वर्गातील खर्चासाठी ५ टक्के मिळतो; मात्र एका बिलिंग सायकलमध्ये (एका स्टेटमेंटपासून पुढच्या स्टेटमेंटपर्यंतच्या काळात) ४०० ही त्याची कमाल मर्यादा आहे, म्हणजे ८,००० चा खर्च झाल्यावर त्या कार्डाचा लाभ थांबतो. (चलन मुद्दाम लिहिलेले नाही; हिशेब टक्केवारीचा असल्याने कोणत्याही चलनात तो सारखाच राहील.) दोन्ही कार्डांची संपूर्ण देय रक्कम मी मुदतीत भरतो, त्यामुळे व्याजाचा प्रश्न येथे उद्भवत नाही.

माझी मुख्य अडचण पॉइंट वटवण्याची आहे. पॉइंट वापरले की कार्डावर जाणारी रक्कम घटते आणि तिच्याबरोबर कॅशबॅकही घटतो. शिवाय पॉइंटने भरलेल्या भागावर दुकान नवे पॉइंट देत नाही. मग पॉइंट साठवत राहावेत आणि एखाद्या मोठ्या बिलात एकदम वापरावेत, की जमतील तसे लगेच संपवावेत? आमचे महिन्याचे एकूण बिल कधी ७,००० च्या आसपास असते, तर कधी ११,००० पर्यंत जाते, त्यामुळे एकच ठरावीक नियम मला लावता आलेला नाही.

दुसरी शंका वर्गवारीची आहे. त्याच दुकानात काउंटरवर कार्ड वापरले तर ५ टक्के मिळतात, परंतु दुकानाच्या ॲपमधील वॉलेटमध्ये आधी पैसे भरून त्यातून खरेदी केली तर काहीच मिळत नाही, असे मला स्टेटमेंटवरून दिसले. दुकान तेच आणि वस्तूही त्याच असताना असे का होते? शिवाय हे सुपरमार्केट स्वतःचे को-ब्रँडेड कार्ड (दुकान व बँक या दोघांच्या नावाचे क्रेडिट कार्ड) घेण्याचा आग्रह करत आहे. त्यावर दुप्पट पॉइंट मिळतील, पण वार्षिक शुल्क आहे. ज्यांनी असा हिशेब मांडून पाहिला असेल, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. हे दोन्ही लाभ एकमेकांवर रचता येतात, कारण ते दोन वेगळ्या खिशांतून येतात. पॉइंट दुकान देते, आणि त्या बदल्यात आपण काय, किती व केव्हा घेतो याची सविस्तर नोंद मिळवते. कॅशबॅक कार्ड देणारी बँक देते, आणि त्याचा मोठा भाग दुकानाच्या बँकेकडून तिला प्रत्येक व्यवहारामागे मिळणाऱ्या इंटरचेंज शुल्कातून निघतो. युरोपीय संघाने २०१५ साली ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवरील हे शुल्क ०.३ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. त्यामुळे तेथे केवळ या शुल्काच्या बळावर घसघशीत कॅशबॅक देणे बँकांना परवडत नाही. तात्पर्य इतकेच की, आपण सदस्यत्व कार्ड दाखवले म्हणून बँक काही कापून घेत नाही, आणि आपण कोणते क्रेडिट कार्ड पुढे केले यावर दुकानाचे साधे पॉइंट अवलंबून नसतात.

आता वटवण्याचा हिशेब. समजा बिल १,००० चे आहे आणि आपण २०० मूल्याचे पॉइंट वापरले. कार्डावर ८०० जातील. ५ टक्क्यांच्या कार्डावर कॅशबॅक ५० ऐवजी ४० मिळेल आणि नवे पॉइंट १० ऐवजी ८ मूल्याचे जमा होतील. म्हणजे २०० च्या पॉइंटांची खरी किंमत १८८ झाली. हेच बिल १.५ टक्क्यांच्या कार्डावर भरले असते, तर कॅशबॅक ३ ने आणि पॉइंट २ ने घटले असते, म्हणजे खरी किंमत १९५ ठरली असती. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, पॉइंट थांबवून ठेवल्याने ही घट टळत नाही. आज वापरा किंवा सहा महिन्यांनी वापरा, तेच कार्ड असेल तर तेवढीच कात्री लागते. साठवलेल्या पॉइंटांवर व्याज मिळत नाही, मुदत संपण्याचा धोका मात्र असतो आणि पॉइंटचे मूल्य बदलण्याचा अधिकार बहुतेक योजनांच्या अटींत दुकानाने स्वतःकडे ठेवलेला असतो. आंतरराष्ट्रीय लेखामानकांनुसार, म्हणजे २०१८ पासून लागू असलेल्या आयएफआरएस १५ नुसार, असे पॉइंट कंपनीच्या हिशेबात देणे म्हणून दिसतात आणि त्यांतील किती वापरलेच जाणार नाहीत याचाही अंदाज त्यात धरला जातो. आपण विसराल ही गोष्ट, थोडक्यात, ताळेबंदात आधीच गृहीत धरलेली असते. मर्यादेचा मुद्दा (तो पुढे येतो) सोडला, तर साठवण्याला अर्थ आहे तो एकाच परिस्थितीत: दुकान अधूनमधून पॉइंट वाढीव मूल्याने वटवू देत असेल तर.

दुसरी गोष्ट मर्यादेची. आपले ८,००० संपल्यानंतरच्या खरेदीवर ५ टक्के मिळतच नाहीत, त्यामुळे त्या खरेदीत पॉइंट वापरले तर आपण फक्त १.५ टक्क्यांच्या कार्डाचा लाभ सोडता. म्हणून पॉइंट मर्यादा ओलांडल्यानंतरच्या बिलासाठी राखून ठेवावेत.

वॉलेटबाबतचे कारण सरळ आहे. पिशवीत काय आहे हे बँकेला साधारणपणे दिसत नाही. तिला रक्कम आणि चार अंकी मर्चंट कॅटेगरी कोड, म्हणजे दुकानाचा प्रकार दर्शवणारा क्रमांक, दिसतो. सुपरमार्केट व किराणा दुकानांसाठी तो ५४११ आहे, डिपार्टमेंट स्टोअरसाठी ५३११, घाऊक सदस्यत्व क्लबांसाठी ५३००, औषध दुकानांसाठी ५९१२. हा कोड दुकानाचे व्यवहार स्वीकारणारी बँक ठरवते. वॉलेटमध्ये पैसे भरणे ही किराण्याची खरेदी नव्हे, तो मूल्य साठवण्याचा व्यवहार ठरतो आणि त्याचा कोड सहसा ६५४० असतो. अनेक बँका तो कॅशबॅकमधून वगळतात. गिफ्ट कार्डांवरही असेच बंधन बऱ्याचदा असते. आपण ॲपमध्ये वॉलेटऐवजी थेट कार्डाने पैसे भरून पाहावेत, आणि पहिला व्यवहार लहान ठेवून स्टेटमेंटमधील वर्ग तपासावा.

प्रतिसाद २

वरील उत्तर उत्तम आहे, परंतु मर्यादेच्या मुद्द्यात एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. एकाच बिलिंग सायकलमध्ये पॉइंट आधी वापरले की नंतर, याने कॅशबॅकमध्ये काहीच फरक पडत नाही. एकूण बिल १०,००० चे असेल आणि त्यातले २,००० पॉइंटने भरले, तर कार्डांवर ८,००० च जाणार आणि ४०० पूर्ण मिळणार, मग ते पॉइंट पहिल्या आठवड्यात वापरलेले असोत की शेवटच्या. फरक पडतो तो सायकल निवडण्याने. ७,००० च्या महिन्यात पॉइंट वापरले तर ५ टक्के बुडतात, ११,००० च्या महिन्यात वापरले तर ८,००० च्या वरच्या भागापुरते बुडत नाहीत. महिना कसा जाईल हे आधी ठाऊक नसते, एवढ्याच कारणासाठी मर्यादा गाठेपर्यंत थांबणे शहाणपणाचे आहे. येथे महिना म्हणजे कॅलेंडरचा नव्हे, तर कार्डाच्या बिलिंग सायकलचा. शिवाय काही बँका खरेदीची तारीख धरतात, तर काही व्यवहार खात्यात नोंदला गेल्याची. सायकलच्या शेवटच्या दोन दिवसांतील मोठे बिल त्यामुळे पुढच्या मर्यादेत मोजले जाऊ शकते.

प्रत्येक पूर्ण १०० वर कॅशबॅक देणारे कार्ड असेल तर १९९ च्या बिलात फक्त १०० वरचाच कॅशबॅक मिळतो, हेही अटींत पाहून घ्यावे. वारंवार लहान बिले करणाऱ्यांचे यात बरेच गळते.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सायकल निवडण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. को-ब्रँडेड कार्डाविषयीही कोणी लिहावे. तसेच, पॉइंट आणि कार्ड असे दोन्ही वापरून घेतलेली वस्तू परत केली, तर दोन्ही लाभांचे काय होते?

प्रतिसाद १

को-ब्रँडेड कार्डाचा हिशेब आपल्या बाबतीत अवघड नाही. दुप्पट पॉइंट म्हणजे जास्तीचा १ टक्का, तोही त्याच दुकानात अडकलेला. पहिल्या ८,००० वर आपल्याला आत्ता ५ टक्के रोख मिळतात आणि त्यापुढे १.५ टक्के, म्हणजे दोन्ही ठिकाणी नवे कार्ड मागे पडते, आणि वार्षिक शुल्क अद्याप धरलेलेच नाही. पॉइंट पाचपट होत असते किंवा केवळ कार्डधारकांना मिळणाऱ्या सवलती आपण एरवीही घेत असलेल्या वस्तूंवर असत्या, तर पुन्हा मांडणी करावी लागली असती. सुरुवातीच्या भेट-पॉइंटांसाठी कार्ड घ्यायचे असल्यास दुसऱ्या वर्षीचे शुल्क लागण्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी.

वस्तू परत करताना दुकान कोणता भाग कशातून परत करते हे त्याच्या अटींवर ठरते. काही ठिकाणी प्रमाणात विभागणी होते, काही ठिकाणी आधी पॉइंट परत येतात. त्या खरेदीवर मिळालेले नवे पॉइंट वजा होतात आणि कार्डावर परत आलेल्या रकमेवरचा कॅशबॅक बँक पुढच्या स्टेटमेंटमध्ये कापते. परत आलेल्या पॉइंटांची मुदत मूळचीच राहते की नव्याने सुरू होते, एवढे मात्र काउंटरवरच विचारून घ्यावे; मुदत संपत आलेल्या पॉइंटांनी परत करण्याची शक्यता असलेली वस्तू घेऊच नये.