अरुंद डोंगरवाटेला ट्रायल्सच्या घडणीची हलकी गाडी हवी, की आपली नेहमीची ऑफरोडरच बरी?

किकस्टार्ट (धागाकर्ता)

समोरून गुरं आली तर आपल्याला करवंदीत शिरावं लागेल, अशा वाटेवर १६० किलोची गाडी नेण्यात शहाणपण नाही असं माझं मत आहे. आपल्याकडे ऑफरोड म्हटलं की हीरोची एक्सपल्स नाहीतर रॉयल एनफिल्डची हिमालयन. मग चर्चा कशावर, तर सायलेन्सर, लगेज रॅक आणि फॉगलॅम्प. हिमालयन ४५० भरते १९६ किलो, एक्सपल्स १६०च्या आसपास. उलट माँटेसाची कोटा ४आरटी ही निव्वळ ट्रायल्सची गाडी, तिचं वजन पंचाहत्तरीच्या आतबाहेर.

ट्रायल्स ही शर्यत नव्हे. दगडधोंडे, ओढा, उभा चढ यांतून आखलेल्या पट्ट्यातून पाय न टेकता गाडी काढायची. पाय टेकला की दंडाचा गुण, गाडी आडवी झाली की पाच. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकला. स्पेनच्या टोनी बोऊने २००७ पासून हे जागतिक विजेतेपद वर्षानुवर्षं दुसऱ्या कुणाला मिळू दिलेलं नाही. आता वेगाला किंमतच नसल्यावर गाडी घडवतानाचा विचारही निराळा. उभ्यानेच चालवायची, म्हणून सीट नावापुरती. पोटाखाली ३३० मिलिमीटरच्या वर जागा, एक्सपल्सला २२०. हँडल भरपूर वळतं, क्लच एका बोटाने दबतो. मागचं टायर पाच पीएसआयच्या आसपास हवेवर चालतं आणि दगडाचा आकार धरून बसतं.

शुद्ध ट्रायल्स गाडी घ्या असं मी म्हणत नाही. तीच घडण, पण बसायला सीट आणि जरा बरी टाकी, असा मधला प्रकार आहे. माँटेसाची ४राइड, केटीएमची फ्रीराइड २५० आर. मुळशीकडे एका मित्राच्या खासगी जमिनीवर फ्रीराइड चालवायला मिळाली. ओढ्याच्या घळीत जिथे मी एरवी गाडी बंद करून ढकलतो, तिथे ती पहिल्या गिअरवर आरामात निघून गेली. ताकद, सस्पेन्शन, इलेक्ट्रॉनिक्स हे सगळं नंतर बघू, अरुंद वाटेवर आधी वजन बघायचं. असहमत असाल तर बोला.

गॅरेजवाला

असहमत. गाडी भारीच आहे, वाद तिच्याशी नाही. पण दगडावर क्लच लिव्हर तुटला तर काय करणार? एक्सपल्सचा लिव्हर तालुक्याच्या गावात मिळतो. तुमच्या फ्रीराइडचा भाग कोण कुठून मागवणार आणि तो कधी येणार? शिवाय ती गाडी इथे विकायलाच नाही, नंबरप्लेट नाही. म्हणजे आधी छोटा हत्ती भाड्याने घ्या, गाडी चढवा, बांधा, तिकडे उतरवा. आम्ही सकाळी चहा पिऊन त्याच गाडीवर निघतो, तिच्यावरच घरी येतो.

दुसरं, नुसतं वजन सांगून अर्धीच गोष्ट कळते. ४आरटीच्या टाकीत पेट्रोल मावतं दोन लिटर. खालचे गिअर इतके आखूड की जरा मोकळा रस्ता लागला की इंजिन बोंबलतं. सस्पेन्शनचा प्रवास एन्ड्युरो (लांब पल्ल्याच्या ऑफरोड शर्यतीच्या) गाडीला ३०० मिलिमीटर, हिला १७५च्या आसपास. दगडावर एकदा चढायला तो पुरतो, बैलगाडीच्या चाकोरीतून जोरात जायला नाही. तुम्ही सगळी तुलना घळीत केलीत. घळीपर्यंतचे वीस किलोमीटर कोण मोजणार?

एनफिल्डप्रेमी

वजनाचं काय घेऊन बसलात राव! स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल १९५२ आणि १९५७ साली जॉनी ब्रिटनने एनफिल्डवर जिंकली आहे. माणूस चालवणारा हवा.

यॉर्कशायरकर

एनफिल्डप्रेमी, दाखला खरा आहे, पण अर्धा सांगितलात. ब्रिटनची गाडी कारखान्याने खास ट्रायल्ससाठी तयार केलेली होती, शोरूममधली नव्हे. पुढचंही ऐका. सॅमी मिलर १९६४ साली हीच स्पर्धा ५०० सीसीच्या एरियल या जड ब्रिटिश गाडीवर जिंकला. एरियलवर त्याचा हात इतका बसलेला की त्याला गाडी बदलायची गरजच नव्हती. तरी तो स्पेनच्या बुल्टाकोकडे गेला, त्यांच्याबरोबर २५० सीसी वर्गातली टू-स्ट्रोक शेर्पा घडवली आणि १९६५ साली तिच्यावर परत जिंकला. त्यानंतर मोठ्या फोर-स्ट्रोक गाड्यांचं राज्य उतरणीला लागलं. माणूस तोच, गाडी हलकी झाली. यापेक्षा चांगला पुरावा किकस्टार्ट यांना मिळायचा नाही.

आणि २०१९ला भारतात आलेली ‘बुलेट ट्रायल्स’ म्हणाल, तर सायलेन्सर वर घेतला, मागे एकच सीट ठेवली, वजन १८०च्या वरच राहिलं. दिसायला देखणी होती, एवढं मात्र कबूल.

पण किकस्टार्ट, तुमच्याशीही थोडं भांडतो. इकडे इंग्लंडात मी ट्रायल्स गाडी चालवतो ती शेतकऱ्याच्या परवानगीने, क्लबच्या रविवारच्या स्पर्धेत. शाळकरी पोरं आणि सत्तरीचे आजोबा एकाच ओढ्यात, ज्याच्या त्याच्या पातळीच्या पट्ट्यातून. तिथे तिला तोड नाही. जुन्या गाडीवाटांवर दिवसभर भटकायचं असेल तर मात्र मी ती नेत नाही. तासन् तास उभं राहून पोटऱ्या भरून येतात, आणि वेग घेतला की पाच पीएसआयचं टायर रस्त्यावर डुगडुगतं. मधला प्रकार म्हणाल तर तो दोन्हीकडे थोडा कमीच पडतो.

रानजाई

माझी उंची पाच फूट, त्यामुळे हा धागा आवडीने वाचतेय. इथल्या बहुतेकांना गाडी ‘चालवायचं’ वजन दिसतं. मला उचलायचं दिसतं. उताराच्या बाजूला एक्सपल्स पडली की चाकं वर आणि हँडल खाली. मी एकटी ती उभी करू शकत नाही. मग कुणीतरी येईपर्यंत बसा, नाहीतर दादालोकांच्या ग्रुपमागे जा आणि त्यांच्या वेगाने चालवा. शिकणं होतं ते पडण्यातून. पडायचीच भीती असेल तर माणूस शिकणार कधी? त्यामुळे किकस्टार्टना माझा पाठिंबा.

गॅरेजवाला

रानजाई ताई, मुद्दा बरोबर आहे, पण एक बघा. फ्रीराइड २५० आरची सीट ९०० मिलिमीटरच्या वर आहे. एक्सपल्सची ८२५. पाच फुटाला पाय टेकणार कसा?

रानजाई

ओढ्यातल्या गोट्यांवर माझा पाय ८२५वरूनही टेकत नाही, दादा. एका बाजूला दगड लागतो, दुसऱ्या बाजूला खड्डा. ९० किलोची गाडी कलली तर मांडीवर तोलता येते, १६० किलोची कलली की उडी मारून बाजूला व्हावं लागतं. सीट उंच असल्याची तक्रार मी सपाट रस्त्यावर करेन.

सीटच नको म्हणणाऱ्यांशी मात्र मी असहमत. ओढा ओलांडल्यावर बसून पाणी प्यायला जागा हवी की नको?

कातळसडा

सगळे गाडीवर बोलताहेत, वाटेवर कुणीच नाही. या वाटा कुणाच्या आहेत? वाडीवरून शाळेत जाणाऱ्या पोरांच्या, गुराख्यांच्या, मोळी आणणाऱ्या बायकांच्या. गाडी ७० किलोची असो नाहीतर २००, वळणावर समोर आली की डोक्यावर भारा घेतलेल्या बाईनेच बाजूला व्हायचं का?

अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, १९७२च्या कायद्यात ते स्पष्ट आहे. राखीव जंगलातही मनाला येईल तिथे गाडी घालता येत नाही. त्यापलीकडे आपले सडे आहेत. कातळावर माती असते बोटभर. पावसाळ्यात त्यावरच सगळी फुलं येतात, सुट्या दगडांखाली बेडूक आणि देवगांडूळ राहतात. ट्रायल्सवाले नेमकं काय करतात? दगडांवर चढतात. दगड सरकला की त्याखालचं घर गेलं. हलकी गाडी येण्यात मला उलट जास्त धोका दिसतो. जड गाडी जिथे अडकते म्हणून आजवर जी जागा वाचली, तिथेही ही पोचणार.

किकस्टार्ट

कातळसडा, अभयारण्य आणि सडे याबद्दल वादच नाही, तिथे गाडी नकोच. मी मालकाला विचारून खासगी जमिनीवरच चालवतो. पण माती कोण जास्त उकरतं ते बघा. खोल गुट्ट्यांचं मोटोक्रॉसचं (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीचं) टायर आणि जोरात पिळलेला थ्रॉटल. ट्रायल्सच्या टायरचे गुट्टे बुटके आणि जवळजवळ असतात, रबर मऊ. चाक जागेवर फिरलं तर चालवणाऱ्याचीच पंचाईत होते, कारण पकड गेली की पाय टेकला. हा खेळच चाक न फिरू देण्याचा आहे.

गॅरेजवाला, वीस किलोमीटरचा मुद्दा मान्य. म्हणून तर छोटा हत्ती. ट्रेकला जाताना आपण पायथ्यापर्यंत एसटीने जातोच ना, बूट घालून पुण्याहून चालत निघत नाही.

कातळसडा

कसलेला माणूस चाक फिरू देत नाही. शिकणारा फिरवतो, आणि वरती रानजाई म्हणताहेत तसं पडूनच शिकायचं असेल तर तो भरपूर फिरवणार. उतारावरच्या त्याच ओळीतून महिनाभर टायर गेलं की पहिल्या मोठ्या पावसात पाणी तीच ओळ धरतं. वाटेचा चर होतो. टायर मऊ असल्याने पाण्याला फरक पडत नाही. खासगी जमीन असली तरी चढावर आडवे दगड लावून पाणी बाजूला काढा, आणि जून ते सप्टेंबर बंद ठेवा. एवढं करत असाल तर माझा विरोध मागे.

वाडीवाला

तुमचं चालू द्या, मजा येतेय वाचायला. आमच्या वाडीवर टीव्हीएस एक्सेल रोज चढते. मागे दुधाचे दोन कॅन, पुढे पेंडेचं पोतं, पायात स्लीपर. वजन ८९ किलो, म्हणजे तुमच्या फ्रीराइडइतकंच झालं. त्याआधी बजाजची एम८० होती. चढ उभा लागला की उतरायचं, थ्रॉटल देत बाजूने चालायचं. लाखांची गाडी कशाला?

यॉर्कशायरकर

वाडीवाला, हा धाग्यातला सर्वांत भारी प्रतिसाद! फक्त एक्सेलला गिअर नाहीत आणि क्लच आपोआप धरतो. पायरीएवढ्या दगडासमोर इंजिन चढवून ठेवायचं आणि नेमक्या क्षणी क्लच सोडायचा, हे तिला जमणार नाही. ट्रायल्सचं अर्धं कसब त्या एका बोटात आहे.

वाडीवाला

पायरीएवढा दगड असला तर आम्ही तो काढून टाकतो.

एनफिल्डप्रेमी

वाडीवाला +१

गॅरेजवाला

ज्यांना आहे त्या गाडीतच भागवायचं आहे त्यांच्यासाठी लिहितो. एक्सपल्सचं पुढचं स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) एका दाताने लहान करा, पहिला गिअर आखूड होतो, घळीत क्लच कमी जळतो. क्रॅशगार्ड, रॅक काढून ठेवा, बरेच किलो उतरतात. हँडल थोडं वर घ्या म्हणजे उभं राहून चालवताना पाठ वाकणार नाही. टायरची हवा कमी करा, पण ट्यूबचं टायर आहे हे विसरू नका. ट्रायल्सवाल्यांचं बघून पाच पीएसआयवर गेलात तर पहिल्याच दगडावर रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटून पंक्चर. पंधराच्या खाली मी कुणाला जाऊ देत नाही.

किकस्टार्ट

म्हणजे रॅक काढा, गार्ड काढा, गिअर आखूड करा. गॅरेजवाला, तुम्ही एक्सपल्सची ट्रायल्स गाडीच करायला निघालात की!

गॅरेजवाला

दीडशे किलोची, पण नंबरप्लेट असलेली.

किकस्टार्ट

रानजाई, पाऊस संपून जमीन वाळली की मित्राच्या जागेवर या, मालकाला मी विचारतो. कातळसडा, तुम्हीही या. चर कुठे पडतोय ते दाखवा, आडवे दगड आम्ही लावतो.

रानजाई

येते. पण गॅरेजवाल्यांना त्यांची एक्सपल्स घेऊन यायला सांगा. घळीत दोन्ही गाड्या उताराच्या बाजूला आडव्या पाडायच्या आणि प्रत्येकाने दोन्ही एकट्याने उचलायच्या. वाद त्यानंतर.

गॅरेजवाला

पाडायची तर तुमच्या लिव्हरवर पाडा, माझा नवीन आहे.