काटा नको, टेप घ्या

वर एकांनी लिहिलंय, "माझं वजन ६२, मी बारीक, मला कशाला शुगर होतेय?" चाळिशीपर्यंत मीही याच भ्रमात होतो.

आपल्या पुण्यातच, केईएम रुग्णालयात, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. आणि शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२! हातपाय काडीसारखे, चरबी पोटात, हा आपला देशी नमुना. म्हणून काट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. पुरुषांचा पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या पुढे, बायकांचा ८०च्या पुढे गेला की रक्त तपासायचं.

माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी, ६.१ निघालं (५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा). हिंजवडीत दिवसभर खुर्ची, जाता-येता दोन तास गाडीत. चतुर्थीला साबुदाणा खिचडी, तिला आपण उपवास म्हणतो! तळजाई टेकडीवर रोज चालायचो, पण खाली उतरलं की पोहे-चहा ठरलेला. हिशेब बरोबरीत.

बायकोने जिमबिम काही सांगितलं नाही, फक्त ताट फिरवलं: भात निम्मा, मटकीची उसळ दुप्पट, कोशिंबीर आधी. रात्री जेवल्यावर सोसायटीतच पंधरा मिनिटं फेऱ्या. आठ महिन्यांनी ५.७. अजून उंबरठ्यावरच आहे, पण बाहेरच्या कडेला.

तर ६२ किलोवाले, घेर किती तुमचा?