मदत हवी आहे: आयरिसमधल्या सिस्टचं पाणी सुईने काढावं का?

मुलगा, वय 9. दोन वर्षांपूर्वी डाव्या डोळ्यात तार घुसली, कॉर्नियाला (डोळ्यापुढच्या पारदर्शक पडद्याला) टाके घातले. आता टाक्यांच्या जवळच आयरिसवर (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावर) पाण्याचा फुगा, म्हणजे सिस्ट, दिसतोय, बाहुलीपर्यंत आलाय. नजर 6/12 (निरोगी डोळ्याची 6/6). एक डॉक्टर सुईने पाणी काढू म्हणतात, दुसरे सहा महिने थांबा. कोणाचं ऐकावं?

प्रतिसाद १
जखमेशेजारीच आहे म्हणजे बहुधा इम्प्लांटेशन सिस्ट. तारेबरोबर डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशी आत ढकलल्या जातात, आयरिसमध्ये रुजतात, पोकळी धरतात. आयरिसच्या मागच्या रंगीत थरातून येणाऱ्या तपकिरी सिस्ट वेगळ्या. त्या बहुतेक वेळा वर्षानुवर्षं तशाच राहतात, तिथे ‘थांबा’ योग्य. वाढून बाहुलीवर आलेल्या सिस्टला तो सल्ला पटत नाही.

नुसतं पाणी काढलं तर अस्तर आतच राहतं आणि सिस्ट पुन्हा भरते. यॅग लेझरनेही तेच, शिवाय पेशी पुढच्या कप्प्यात, म्हणजे कॉर्निया आणि आयरिसमधल्या जागेत, सांडायची भीती. त्या कॉर्नियाच्या आतून आणि कोनात (जिथून डोळ्यातलं पाणी निचरतं) चादरीसारख्या पसरल्या तर औषधाला दाद न देणारा काचबिंदू होतो. सिस्ट परवडली.

प्रतिसाद २
म्हणून विचारा, नुसतं पाणी काढणार की अल्कोहोलही सोडणार? मुलांमध्ये पूर्ण भूल देऊन 30 गेजच्या, अगदी बारीक सुईने पाणी ओढतात, त्याच सुईतून शुद्ध अल्कोहोल सोडतात, साधारण मिनिटभराने परत ओढून घेतात. सिस्ट पूर्ण रिकामी करत नाहीत. केली तर भिंत सुईच्या टोकावर येऊन फाटते आणि गळलेलं अल्कोहोल कॉर्नियाचं एंडोथेलियम (आतला पेशींचा थर) जाळतं. कधी पुन्हा करावं लागतं. सिस्ट कॉर्नियाला चिकटली असेल तर मात्र आयरिसच्या तुकड्यासकट अखंड काढणं बरं. त्याने बाहुली वाकडी होते, उजेड खुपतो.

धागाकर्ता
आधी कुठल्या तपासण्या?

प्रतिसाद २
यूबीएम (डोळ्याच्या पुढच्या भागाची बारकाईची सोनोग्राफी). सिस्ट मागे सिलिअरी बॉडीपर्यंत (आयरिसच्या मागच्या स्नायूच्या कड्यापर्यंत) गेलीय का, हे त्यात कळतं. एएस-ओसीटीत (प्रकाशाने घेतलेल्या स्कॅनमध्ये) मागची बाजू नीट दिसत नाही. एंडोथेलियमच्या पेशींची मोजणी, डोळ्याचा दाब, आणि चष्म्याचा नंबर काढून 6/12 कशामुळे तेही बघा. टाक्यांमुळे सिलिंडर (कॉर्नियाच्या वाकडेपणाने येणारा नंबर) असेल तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी हे आत्ताच सुरू करता येतं, आळशी डोळ्याला या वयात उशीर नको.

प्रतिसाद १
तारेचा तुकडा आत राहिला नाही हे जुन्या कागदांवरून पक्कं करा. शंका असेल तर सीटी. तोवर एमआरआय अजिबात नाही.